एक कोटी लोक, पाच सुपरवायझर: आमच्या काउंटीचं बोर्ड बदलतंय, तुमचा काय अनुभव?

पायोनियर_पुणेकर

नमस्कार मंडळी,

गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) राहतोय, सेरिटोसला. आर्टेशियाचा पायोनियर बुलेव्हार्ड गाडीने पाच मिनिटांवर, त्यामुळे तिळगुळापासून मोदकाच्या साच्यापर्यंत काही अडत नाही. नागरिक होऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून एकही मतदान चुकवलं नाही. पण खरं सांगायचं तर काउंटीचं 'बोर्ड ऑफ सुपरवायझर्स' म्हणजे नक्की काय, हे मला नोव्हेंबर २०२४ पर्यंत धड माहीत नव्हतं. मतपत्रिकेवर 'मेझर जी' (मेझर म्हणजे मतदारांनी थेट हो-नाही ठरवायचा प्रस्ताव) आलं आणि मग वाचायला बसलो.

थोडक्यात सांगतो. काउंटीची वस्ती जवळजवळ एक कोटी. त्यात ८८ शहरं, प्रत्येकाची आपापली सिटी कौन्सिल. शिवाय कुठल्याच शहरात न मोडणारा भाग, तिथेही दहा लाखांच्या आसपास लोक. या सगळ्यावर पाच जणांचं बोर्ड. म्हणजे माणशी वीस लाख! हा पाचाचा आकडा १९१२ च्या चार्टरमधला, म्हणजे काउंटीच्या घटनेतला आहे. तेव्हा काउंटीत पाच लाख लोक होते. सरकारी दवाखाने, तुरुंग, सार्वजनिक आरोग्य, अनाथ मुलांची व्यवस्था, शेरीफचं बजेट हे सगळं यांच्या हातात. बजेट ४५ अब्ज डॉलरच्या वर. कायदे करणारे तेच आणि कारभार हाकणारेही तेच. पूर्वी त्यांना 'पाच छोटे राजे' म्हणायचे. २०२० च्या डिसेंबरपासून पाचही बायका आहेत, तेव्हा आता काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

मेझर जी जेमतेम पास झालं, ५१ टक्क्यांच्या जरा वर. आता २०२८ ला काउंटीचा प्रमुख थेट लोकांतून निवडायचा आणि २०३२ पर्यंत बोर्ड पाचाचं नऊ करायचं. मी 'हो' दिलं, बायकोने 'नाही'. घरातल्या घरात हिशोब फिटला.

सध्या हे सगळं अमलात कसं आणायचं यावर एक टास्क फोर्स काम करतोय आणि लोकांना बोलायची संधी आहे. बोलायला एक मिनिट. मला बोलायचंय, पण काय बोलू ते कळत नाहीये. नऊने खरंच फरक पडतो का? तुमच्याकडे निवडणुकीची पद्धत बदलली असेल तर नंतर काय झालं? इकडचे, तिकडचे, सगळे अनुभव चालतील.

ढवळ्या_पवळ्या

सुपरवायझर म्हटल्यावर एमआयडीसीतला, एका हातात चहाचा ग्लास आणि दुसऱ्या हातात हजेरीचं रजिस्टर घेतलेला माणूस डोळ्यासमोर आला. वाचतोय.

वांद्रे_पूर्व

एक कोटीला पाच???

अहो, मुंबईत २२७ नगरसेवक आहेत. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे पंचावन्न हजारांमागे एक. तरी आमचा सापडत नाही. तुमचा वीस लाखांमागे एक म्हणजे तो देवासारखाच झाला. असतो म्हणतात.

सॅन_मटेओची_सून

@वांद्रे_पूर्व, हसले, पण तुलना तितकीशी बरोबर नाही हो. मुंबईचा नगरसेवक जे बघतो, म्हणजे गटार, रस्ता, कचरा, ते इथे शहराची कौन्सिल बघते. सेरिटोसला स्वतःची कौन्सिल आहे. काउंटी त्याच्या वरची. आपल्या जिल्हा परिषदेशी तुलना जास्त जवळची.

आता मूळ प्रश्न. मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, सॅन मटेओ काउंटीत राहते. आमच्याकडे पाचच सुपरवायझर आहेत आणि पाचच राहिले, पण निवडायची पद्धत बदलली. आधी अशी गंमत होती: काउंटीचे पाच विभाग, उमेदवाराने त्या त्या विभागात राहायला हवं, पण त्याला मत अख्ख्या काउंटीने द्यायचं. म्हणजे डेली सिटीचा माणूस कोण असावा हे मेन्लो पार्कवाले पण ठरवणार. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, त्यात अशी पद्धत शेवटी आमच्या एकट्याच काउंटीत उरली होती.

सव्वासात लाख लोकांच्या काउंटीत सगळीकडे पत्रकं पाठवायची तर पैसा लागतो. साधा शाळा बोर्डातला माणूस उभाच राहू शकत नाही. वस्तीत एक चतुर्थांश एशियन, साधारण तेवढेच लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे), पण बोर्डावर त्यांचा मागमूस फारसा नाही. शेवटी २०११ मध्ये काही मतदारांनी कॅलिफोर्नियाच्या मतदान हक्क कायद्याखाली दावा लावला. २०१२ च्या नोव्हेंबरात 'मेझर बी' पास झालं आणि आता ज्या विभागाचा सुपरवायझर, त्याच विभागाचं मत.

फरक पडला का? पडला, पण सावकाश. २०२२ ला नोएलिया कोर्झो निवडून आल्या, बोर्डावरची पहिली लॅटिना. म्हणजे पद्धत बदलून दहा वर्षांनी. आमचे सासरे त्या वेळी म्हणाले होते, "नळ बदलला म्हणून लगेच पाणी येत नाही, आधी हवा येते." त्यांची आठवण आली.

खोचक

>>आधी हवा येते

आणि काही ठिकाणी कायम हवाच.

जुना_खलाशी

सॅन फ्रान्सिस्कोचं सांगतो, कारण आमच्याकडे ही पद्धत तीनदा उलटीपालटी झाली. सॅन फ्रान्सिस्को हे शहरही आहे आणि काउंटीही, त्यामुळे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स हीच आमची नगरपालिका. अकरा सदस्य.

आधी अकराही जण सगळ्या शहरातून निवडले जायचे. हार्वी मिल्क हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कॅस्ट्रो भागात कॅमेऱ्याचं दुकान होतं त्यांचं, उघडपणे समलिंगी. १९७३ ला उभे राहिले, पडले. १९७५ ला उभे राहिले, पुन्हा पडले. १९७६ ला लोकांनी विभागवार निवडणूक मंजूर केली आणि १९७७ ला तोच माणूस आपल्या मोहल्ल्यातून निवडून आला. त्याच निवडणुकीत गॉर्डन लाऊ आले, निवडून आलेले पहिले चिनी-अमेरिकन सुपरवायझर. एला हिल हच आल्या, पहिल्या कृष्णवर्णीय महिला. माणसं तीच, शहर तेच, फक्त नकाशावर रेषा मारल्या होत्या.

पुढचं माहीतच आहे. २७ नोव्हेंबर १९७८ ला डॅन व्हाइट नावाच्या माजी सुपरवायझरने सिटी हॉलमध्ये महापौर मॉस्कोनी आणि मिल्क यांना गोळ्या घातल्या. १९८० ला लोकांनी विभाग पद्धत रद्द करून टाकली, पुन्हा सगळं शहर एक. १९९६ ला परत विभागांच्या बाजूने कौल, २००० ला तशी निवडणूक. २००४ पासून वर पसंतीक्रमही आला, म्हणजे पहिली पसंती, दुसरी पसंती असं भरायचं.

मी इथे ९३ ला आलो. त्यामुळे दोन्ही पद्धती पाहिल्या. आता माझ्या सुपरवायझरला मी भाजीबाजारात पकडू शकतो. पूर्वी अकरा जण माझे होते, म्हणजे एकही माझा नव्हता.

खोचक

@जुना_खलाशी काका, मुद्दा पटला, पण एक गोष्ट तुम्ही हळूच बाजूला सारलीत. तो डॅन व्हाइटही १९७७ ला त्याच विभाग पद्धतीने निवडून आला होता ना? म्हणजे छोट्या विभागातून मिल्क येतो तसा व्हाइटही येतो. सगळ्या शहराकडे मतं मागावी लागली असती तर दोघंही आले नसते.

जुना_खलाशी

हो. हे बरोबर आहे. १९८० ला रद्द करणाऱ्यांचा रोख काहीसा तोच होता. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं सांगता येत नाही. शहर हादरलेलं होतं.

मिनूची_आई

व्हर्जिनियातून उलट बाजू. आमच्या आर्लिंग्टन काउंटीत पाच जणांचं बोर्ड आहे आणि १९३२ पासून पाचही जण सगळ्या काउंटीतून निवडले जातात. विभाग नाहीतच. सगळे एकदम निवडणुकीला जात नाहीत, दरवर्षी एखाद-दुसरी जागा. काउंटी छोटी आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सायकलने जाता येतं, त्यामुळे हे चालून जातं. फायदा असा की "हे माझ्या वॉर्डात येत नाही" असं कुणी म्हणू शकत नाही. मिनूच्या शाळेजवळच्या क्रॉसिंगसाठी मी पाचही जणांना मेल केली, तिघांचं उत्तर आलं.

पण इथेही चुळबूळ आहेच. २०२३ च्या जूनमधल्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात) बोर्डासाठी पसंतीक्रम वापरून पाहिला, राज्यात पहिल्यांदा. मला आवडला. शेजारची बाई म्हणाली, "मला एकच आवडतो, बाकीच्यांना नंबर कशाला देऊ?" तिच्या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कात्रजचा_घाट

पद्धत बदलण्याबद्दल पुणेकरांना विचारा! २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. मग मुदत संपली, प्रशासक आले, मधे तीनचा होणार म्हणाले, पुन्हा चारचा झाला आणि अखेर जानेवारी २०२६ ला मतदान. ज्यांचं सरकार त्यांच्या सोयीचा आकडा. लॉस एंजेलिसवाल्यांनी एकच आकडा शंभर वर्षं ठेवला याचंच मला कौतुक वाटतंय.

चारच्या प्रभागात मतदान कसं होतं ते इकडच्या लोकांना सांगतो. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार रंगांच्या चार याद्या, चार बटणं दाबायची. आई ब्याऐंशीची. तिने एक बटण दाबलं आणि वळली. अधिकारी म्हणे, "आजी, अजून तीन राहिली." आई म्हणाली, "मला याच एकाला द्यायचंय." तो म्हणाला, "चारही दाबल्याशिवाय बीप वाजत नाही." आई परत आत गेली. बाहेर आल्यावर विचारलं, बाकीची तीन कुणाला दिलीस? म्हणाली, "बीपला."

ढवळ्या_पवळ्या

"बीपला" 😂 धाग्याचं सार्थक झालं.

सुगरण_नाशिककर

आमच्याकडेही चारचाच प्रभाग. ड्रेनेज तुंबलं म्हणून पहिल्याला फोन केला, तो म्हणाला तो भाग दुसऱ्या ताई बघतात. ताईंचे मिस्टर फोन उचलतात (हे वेगळंच प्रकरण). ते म्हणाले, निधी तिसऱ्याने आणलाय, त्याला विचारा. तिसरा लग्नात. चौथा कोण ते अजून माहीत नाही.

त्यामुळे आकडा वाढला की प्रतिनिधी जवळ येतो या समजुतीवर माझा विश्वास नाही. नऊ जण प्रत्येकी एका विभागाचे असतील तर ठीक. तेवढं विचारून घ्या.

पायोनियर_पुणेकर

@सुगरण_नाशिककर, नऊ विभाग, नऊ माणसं, एकास एक. माणशी अकरा लाखांच्या आसपास पडतात. अजूनही आमदारापेक्षा कितीतरी मोठा मतदारसंघ.

@कात्रजचा_घाट, आईंना दंडवत.

पोर्टलंडचा_पाऊस

चारचा प्रभाग वाईट असतो असं सरसकट म्हणू नका. मतं कशी मोजता यावर आहे सगळं.

पोर्टलंड शहराने (काउंटी नाही, शहर) २०२२ ला मतदानाने जुनी पद्धत मोडीत काढली. १९१३ पासून इथे महापौर धरून पाच जण सगळ्या शहरातून निवडले जायचे आणि प्रत्येकाकडे खाती वाटलेली असायची. एकाकडे पाणी, एकाकडे अग्निशमन. आता चार विभाग, प्रत्येकी तीन सदस्य, एकूण बारा. पुण्याशी फरक हा की इथे तीन जागांना तीन वेगळी मतं नाहीत. एकच मत, त्यात सहापर्यंत पसंतीक्रम. पंचवीस टक्क्यांच्या वर गेलात की निवडून आलात. त्यामुळे एकाच पक्षाचं पॅनेल तिन्ही जागा झाडून नेत नाही. पंचवीस-तीस टक्के लोकांचा गट असेल तर त्यांचा एक माणूस येतोच. पुण्यात एकावन्न टक्केवाले चारच्या चार नेऊ शकतात.

तोटाही सांगतो. २०२४ ला पहिली निवडणूक झाली, दोन विभागांत तीस-तीस उमेदवार होते. मी एक्सेल शीट करून बसलो होतो, बायकोने चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. शिवाय बारा हा सम आकडा. नवीन कौन्सिल बसली आणि अध्यक्ष निवडतानाच सहा-सहा! फेऱ्यांवर फेऱ्या. नऊ विषम आहे, एवढ्याबद्दल तरी लॉस एंजेलिसचे आभार माना.

आमच्या मल्टनोमा काउंटीनेही २०२२ लाच पसंतीक्रम मंजूर केलाय, बघू.

वांद्रे_पूर्व

एक्सेल शीट केल्याशिवाय मत देता येत नसेल तर ती निवडणूक नाही, ती सीएची परीक्षा.

पोर्टलंडचा_पाऊस

राज्यसभा, विधान परिषद अशीच निवडली जाते की! आपले आमदार पसंतीक्रम भरतातच.

वांद्रे_पूर्व

ते भरतात आणि मग कुणाचं मत फुटलं याच्या बातम्या आठवडाभर चालतात. उदाहरण बदला साहेब. (दिवे घ्या)

अण्णा_कराड

काउंटीप्रमुख थेट निवडायचा म्हणताय, त्यावर बोलतो. आम्ही हे गावात भोगलंय.

२०१७ ला सरकारने सरपंच थेट जनतेतून केला. २०२० ला दुसऱ्या सरकारने ते रद्द केलं, २०२२ ला पहिल्यांनी परत आणलं. आमच्या गावात थेट निवडणूक झाली तेव्हा सरपंच एका गटाचा आला आणि सदस्य बहुमताने दुसऱ्या गटाचे. उपसरपंचही त्यांचाच. पुढे काय? मासिक सभेत सरपंच विषय मांडणार, बाकीचे हात खाली ठेवणार. स्मशानभूमीच्या रस्त्याला दिवे लावायचा विषय आठ महिने लटकला. शेवटी एका मयताला रात्री ट्रॅक्टरचे हेडलाइट लावून नेलं, दोन्ही गटांचे लोक त्यात होते, दुसऱ्या दिवशी ठराव पास.

पण एक सांगतो. त्या आधी सदस्यांतून सरपंच व्हायचा तेव्हा सदस्यांना सहलीला नेऊन ठेवायचे. महाबळेश्वर, गोवा. थेट निवडणुकीने ती सहल बंद झाली. तेव्हा कशाचा त्रास चालेल ते आधी ठरवा, मग पद्धत निवडा.

सॅन_मटेओची_सून

ट्रॅक्टरचे हेडलाइट... अण्णा, हे वाचून थांबलेच.

पायोनियर_पुणेकर

अण्णा, बायकोचा विरोध नेमका याच कलमाला होता. तिचं म्हणणं, पाच बायका मिळून निदान एकमेकींवर लक्ष ठेवतात, एकच माणूस थेट निवडून आला की कोटभर लोकांच्या मतांचा माज चढेल. माझं म्हणणं असं की सध्या काही चुकलं तर पाचजणी पाच दिशांना बोट दाखवू शकतात. पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, हा प्रस्ताव मांडला बोर्डाच्याच दोन सदस्यांनी, लिंडसे हॉर्व्हाथ आणि जॅनिस हॅन यांनी. बोर्डात एकमत नव्हतं.

खोचक

हॅन? ज्या इमारतीत बोर्ड बसतं तिचं नाव केनेथ हॅन ना?

पायोनियर_पुणेकर

हो. वडील. १९५२ ते १९९२, सलग चाळीस वर्षं सुपरवायझर. भाऊ जेम्स हॅन, लॉस एंजेलिसचे माजी महापौर.

ढवळ्या_पवळ्या

हायला!! आम्हाला उगाच वाटायचं घराणेशाही हा आपला कुटिरोद्योग आहे.

सुगरण_नाशिककर

चाळीस वर्षं! आमच्याकडे बँकेवर असतात असे. साखर कारखान्यावर पण.

अण्णा_कराड

कारखान्यावर बोलू नका, मी सभासद आहे.

पायोनियर_पुणेकर

आता तीन टर्मची मर्यादा आहे, बारा वर्षं. २००२ पासून. धागा भरकटतोय, पण मजा येतेय.

ताजा_शेंगदाणा

अवांतर: मतपत्रिका मराठीत मिळते का तिकडे?

पायोनियर_पुणेकर

हिंदीत मागवता येते. मराठीत नाही. एकदा हौसेने हिंदी मागवली. "पर्यवेक्षक मंडल" वाचून पुन्हा इंग्रजी घेतली.

पासाडेनाची_पोर

उशिरा येतेय. सगळा धागा वाचला. मला वाटतं तुम्ही सगळे पद्धतीवर बोलताय आणि ज्यांना काउंटीशिवाय दुसरं कुणीच नाही त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही.

मी याच काउंटीतल्या पासाडेना शहरात राहते. वरच्या अंगाला अल्टाडेना. तिथे माझी मैत्रीण राहायची, 'राहायची' असंच म्हणायचं आता. अल्टाडेना हे शहर नाही. चाळीस हजारांच्या वर वस्ती, पण महापौर नाही, कौन्सिल नाही. टाउन कौन्सिल आहे, ती फक्त सल्ला देते. त्यांची नगरपालिका, जिल्हा परिषद, सगळं म्हणजे एक सुपरवायझर, जिच्याकडे आणखी वीस लाख लोक आहेत. जानेवारी २०२५ ला 'ईटन' नावाचा मोठा वणवा लागला. पश्चिम अल्टाडेनात घर सोडा म्हणून इशारा पोहोचायला कित्येक तास उशीर झाला, हे सगळीकडे छापून आलंय. मैत्रीण इशारा यायच्या आधीच निघाली, शेजाऱ्यांच्या कुत्र्याने भुंकून उठवलं म्हणून. घर गेलं. नंतर तिने मला विचारलं, "आता मी भांडायचं कुणाशी?" पासाडेनात माझं घर गेलं असतं तर मला उत्तर माहीत होतं.

नऊ झाले असते म्हणून आग थांबली नसती, तेवढं मलाही कळतं. पण वीस लाखांत चाळीस हजार म्हणजे शंभरात दोन माणसं. अकरा लाखांत निदान चार तरी होतील.

जुना_खलाशी

हे मनाला लागलं. मैत्रिणीला शुभेच्छा सांगा.

कात्रजचा_घाट

@पासाडेनाची_पोर, पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीत कित्येक वर्षं पडत होता आणि त्या गावांना पुणे महापालिकेत मतच नव्हतं. २०१७ ला गावं हद्दीत घेतली, पुढे पुन्हा बाहेर काढली. ज्याच्या दारात कचरा, त्याचा नगरसेवकच नाही. तुमची मैत्रीण म्हणते ते मला बरोबर कळलं.

अडगुलं_मडगुलं

मला एक वेगळीच शंका. मेझर जी लिहिताना काहीतरी घोळ झाला होता ना? की माझं वाचण्यात चुकलं?

पायोनियर_पुणेकर

नाही, बरोबर वाचलंत. लाजिरवाणं प्रकरण आहे. २०२० ला 'मेझर जे' पास झालं होतं: काउंटीच्या ठरावीक निधीतला निदान दहा टक्के भाग तुरुंगाऐवजी घरं, उपचार, तरुणांचे कार्यक्रम यांवर खर्चायचा, असं चार्टरमध्ये लिहिलं होतं. मेझर जीने चार्टरचा तो सगळा भाग नव्याने लिहिला आणि त्यात मेझर जेचा मजकूर घ्यायचा राहूनच गेला! म्हणजे लोकांना न विचारता त्यांच्याच मतांनी एक कायदा रद्द झाला, २०२८ पासून. हे जुलै २०२५ ला उघड झालं, तेही डुआर्टे शहराच्या एका माजी नगरसेवकाच्या लक्षात आलं म्हणून. नंतर काउंटीने मान्य केलं की कारकुनी चूक झाली.

खोचक

कॉपी-पेस्ट! ४५ अब्जांचं बजेट आणि चूक तीच जी आम्ही ऑफिसात रोज करतो. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. तिने 'नाही' दिलं होतं ना?

पायोनियर_पुणेकर

ती मागे उभी राहून हे वाचतेय.

मिनूची_आई

😄

जुना_खलाशी

परत मूळ प्रश्नाकडे. पुणेकर, तुमच्याच काउंटीचा एक इतिहास तुमच्या कामाचा आहे. १९८१ ला बोर्डाने विभागांच्या रेषा अशा मारल्या की लॅटिनो वस्ती तुकड्यातुकड्यांत वाटली गेली. एवढी मोठी वस्ती, पण एकाही विभागात त्यांचं चालेना. गार्झा खटला झाला आणि १९९० ला संघीय न्यायालयाने रेषा बेकायदा ठरवल्या. नव्या रेषांवर १९९१ ला निवडणूक झाली आणि ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. शंभरावर वर्षांत बोर्डावर लॅटिनो कुणी आलं नव्हतं. लक्षात घ्या, तेव्हाही पाचच होते आणि नंतरही पाचच. फक्त रेषा सरकली.

म्हणून मी तरी आकड्यावर मिनिट घालवणार नाही. रेषेवर बोला.

कात्रजचा_घाट

+१००. प्रभाग रचना! आपल्याकडे आकडा जाहीर होतो तेव्हा कुणी हलत नाही, पण प्रारूप रचना लागली की नकाशासमोर जत्रा. एका सोसायटीचं 'ए' विंग एका प्रभागात, 'बी' विंग दुसऱ्यात असले प्रकार. आणि मग हरकती आणि सूचनांसाठी मोजके दिवस. पुणेकर, तुम्ही हरकत नोंदवायला निघालायत, एवढं सोपं आहे हे.

सॅन_मटेओची_सून

अगदी. आणि तुमच्याकडे आर्टेशिया-सेरिटोसचा पट्टा आहे. दोन शहरं वेगळी, पण दुकानं, देवळं, मुलांचे डान्स क्लास सगळं एकत्र. मधून रेष गेली तर दोन्हीकडे तुम्ही मूठभर.

वांद्रे_पूर्व

पण रेषा तर २०३० च्या जनगणनेनंतर ना? आत्ताच काय बोलणार?

पायोनियर_पुणेकर

रेषा आता बोर्ड मारत नाही, स्वतंत्र नागरिक आयोग मारतो, चौदा जणांचा. २०२१ ला पहिल्यांदा त्यांनी मारल्या. पाचाचे नऊ करताना जुना नकाशा पुसून पहिल्यापासून काढावा लागणार. त्यामुळे बोलायचं तर आधीपासूनच कानावर घातलेलं बरं, असं मला हे सगळं वाचून वाटायला लागलंय.

मसुदा लिहिलाय, मराठीत आधी, मग इंग्रजी करीन:

"मी सेरिटोसचा रहिवासी. मेझर जीला 'हो' मत दिलं, बायकोने 'नाही' दिलं. नऊ विभाग होणार याचा आनंद आहे, पण आमच्यासाठी आकड्यापेक्षा रेषा महत्त्वाची. माझं किराणा दुकान आर्टेशियात, देऊळ नॉरवॉकला, मुलांची शाळा सेरिटोसला. या तिन्ही जागी मी एकाच दिवशी जातो. कृपया आम्हाला तीन तुकड्यांत वाटू नका. आणि जे भाग कुठल्याच शहरात नाहीत, त्यांना त्यांचा सुपरवायझर सापडेल एवढे विभाग आटोपशीर ठेवा. चार्टर लिहिताना एकदा शेवटपर्यंत वाचून घ्या ही विनंती. धन्यवाद."

वाचायला ४४ सेकंद.

पासाडेनाची_पोर

कुठल्याच शहरात नसलेल्यांचं वाक्य घेतलंत, थँक यू. तिला दाखवते.

खोचक

शेवटचं वाक्य काढू नका काही झालं तरी.

मिनूची_आई

बायकोने 'नाही' दिलं हे कशाला सांगताय तिथे? तीन सेकंद गेली.

पायोनियर_पुणेकर

ते तिने घालायला लावलं. नाहीतर ती तिचं वेगळं मिनिट घेणार आहे म्हणे.

अण्णा_कराड

घेऊ द्या की.